चोरून दिलेलें औषध

नवरा रोज दारू पिऊन येतो, घरांत दाणा नाहीं, मुलें भीतीनें कोपऱ्यांत बसतात. अशा घरच्या स्त्रीस शेजारीण सांगते, "बाई, ही गोळी त्याच्या कालवणांत घाल, त्याला कळूं देऊं नको." तिनें काय करावें? तिला लबाड म्हणणें सोपें आहे. परंतु तिचें दुःख ज्यानें पाहिलें त्याची जीभ तसें बोलण्यास धजणार नाहीं. तथापि हें कृत्य योग्य काय, हा प्रश्न राहतोच.

ती गोळी बहुधा डायसल्फिरामची असते. कोपनहेगन येथील हाल्ड व याकोबसेन ह्यांनीं तिचा गुण १९४८ सालीं प्रसिद्ध केला. दारूपासून शरीरांत एक विषारी द्रव्य बनतें व यकृत त्याचा लवकर निकाल लावतें. ही गोळी तें काम अडविते. मग घोट पोटांत जातांच तोंड लाल होतें, छाती धडधडते, वांती होते. प्रसंगीं प्राणहि जातो. गोळी बंद केल्यावरहि हा परिणाम दोन आठवड्यांपर्यंत राहूं शकतो. ज्यास खबरच नाहीं तो सावध कसा राहील?

शिवाय २०१४ सालीं २२ प्रयोगांची एकत्र छाननी झाली. रोग्यास औषधाची माहिती होती तेथें चांगला गुण दिसला. गोळी खरी कीं खोटी हें लपविलें होतें तेथें दोन्ही सारख्याच ठरल्या. कारण खोटी गोळी घेणाराहि खरीच्या भयानें आवरला जातो. म्हणजे ह्या औषधाचें बळ जाणण्यांत आहे. चोरून दिल्यास तें बळ जातें, आणि विष मात्र उरतें.

म्हणून उपदेशकबंधूंनो, नवरा शुद्धीवर असतां त्याशीं उघड बोला व त्यास डॉक्टरांकडे न्या. दारू घेतल्यापासून निदान बारा तास ही गोळी देत नाहींत. हृदय व यकृतहि तपासावें लागतें. मग त्यानें ती रोज घरच्या माणसासमोर स्वतःच्या हातानें घ्यावी. अशा रीतीनें ती अधिक उपयोगी पडते. नाल्ट्रेक्सोन व अकॅम्प्रोसेट हीं औषधेंहि कित्येकांस साह्य करितात, सर्वांस नाहीं.

आणि तो नाहींच म्हणाला तर? तर त्याच्या ताटांत चोरून घालावें असें औषध नाहीं. परंतु त्या स्त्रीस व मुलांस "सोसा" एवढेंच सांगून आपण घरीं जाणें, हीहि एक फसवणूकच होय. त्यांना रात्रीं निर्भय निजावयास एक दार उघडें ठेवणें, हें आपलें काम आहे.