आईचे नाव कोठे लिहावे?

गेल्या हिवाळ्यात आमच्या धर्मग्रामातील काही कुटुंबांसमवेत आम्ही हिवरे बाजार पाहावयास गेलो होतो. १९८९ साली श्री. पोपटराव पवार सरपंच झाले आणि दुष्काळाने व व्यसनांनी पोखरलेल्या या गावाने श्रमदान, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी या मार्गाने आपले पाणी परत मिळविले, ही कथा आता महाराष्ट्राला पाठ आहे. पाऊस किती पडला, त्यातून कोणते पीक परवडेल, याचा ताळेबंद गाव मांडते. टेकडीवरचे चर पाहताना आमच्यातील एका आजींनी विचारले, "फादर, एवढे चर खणले कोणी?" आम्ही म्हणालो, "गावाने." त्या म्हणाल्या, "गावाला कुठं हात असतात? माती उचलणाऱ्या बायांची नावं कुणी लिहून ठेवली असतील का?" १९७२ च्या दुष्काळात या आजी खडी फोडावयास जात असत, हे आम्हांस ठाऊक होते. आम्ही निरुत्तर झालो.

परतीच्या वाटेवर याच जिल्ह्याच्या एका कन्येचे आम्हांस स्मरण झाले. डॉ. स्नेहलता देशमुख यांचा जन्म १९३८ साली नगर शहरात झाला. मुंबईत त्या बालशल्यचिकित्सक झाल्या. धारावीला लागून असलेल्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयाच्या अधिष्ठातापदी पोहोचल्या आणि १९९५ ते २००० या काळात मुंबई विद्यापीठाच्या कुलगुरू होत्या. जुलै २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले. त्या पहिल्या स्त्री कुलगुरू नव्हत्या. मुंबईतच त्यांच्या आधी डॉ. मेहरू बंगाली यांनी ते पद भूषविले होते आणि बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाची धुरा १९४९ सालीच हंसा मेहता यांनी उचलली होती. पहिली कोण, दुसरी कोण, ही मोजणी वर्तमानपत्रांना प्रिय असते. आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो तो प्रश्न निराळा आहे : ज्या खुर्चीपर्यंत आपल्या आधीच्या असंख्य स्त्रिया पोहोचू शकल्या नाहीत, त्या खुर्चीवर बसल्यावर त्यांचे ऋण कसे फेडावे?

कुलगुरूचे पद दुरून दिसते तेवढे वैभवाचे नसते. परीक्षा, लांबलेले निकाल, महाविद्यालयांची संलग्नता, प्राध्यापकांची गाऱ्हाणी, विद्यार्थ्यांचे मोर्चे यांतच पाच वर्षे सरतात. त्या धबडग्यात डॉ. देशमुख यांच्या कारकीर्दीत विद्यापीठाने एक निर्णय घेतला : विद्यार्थ्याच्या प्रमाणपत्रावर वडिलांबरोबर आईचेही नाव असावे. १८५७ साली स्थापन झालेल्या विद्यापीठास हे सुचावयास जवळजवळ एकशेचाळीस वर्षे लागली.

हे त्यांना कसे सुचले असेल? आमचा एक तर्क आहे, तो तर्क म्हणूनच वाचकांनी घ्यावा. प्रसूतिगृहात नवजात बालकाच्या मनगटावर जी पट्टी बांधतात, तिच्यावर आईचे नाव असते. बाळाचे बारसे झालेले नसते, पण ते अमुक आईचे आहे, हे निर्विवाद असते. ज्या शल्यचिकित्सक स्त्रीने आयुष्यभर अशी तान्ही मुले टेबलावर घेतली, तिला ते नाव पुढे शाळेच्या दाखल्यावर पुसलेले दिसले असेल तर नवल नाही. याच शीवच्या रुग्णालयात १९८९ साली डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी मातेच्या दुधाची पेढी सुरू केली. तेथे एका आईचे दूध दुसरीच्या अशक्त लेकराला मिळते.

कोणी म्हणेल, कागदावरच्या एका ओळीने काय होते? आम्हीही पूर्वी असेच म्हणत असू. मग आमची आई वारली. बँकेतील तिच्या किरकोळ ठेवीसाठी आम्हांस नात्याचा पुरावा मागण्यात आला. शाळा सोडल्याचा दाखला, एस.एस.सी.चे प्रमाणपत्र, पदवी, सारे समोर मांडले; प्रत्येकावर वडिलांचे नाव होते, तिचे कोठेच नव्हते. ज्या बाईने दुसऱ्यांच्या शेतांत खुरपणी करून आम्हांस सेमिनरीत जाण्यासाठी कपडे शिवले, ती आमची कोणी लागत होती, हे आमचे शिक्षण सांगू शकत नव्हते. अखेर धर्मग्रामातील स्नानसंस्काराची नोंदवही कामी आली. तीत आईसाठी रकाना होता. ख्रिस्तसभेने स्त्रियांना नेतृत्व देण्यात हात आखडता घेतला आहे, हे आम्ही मान्य करतो. पण तेवढा रकाना तिने राखला.

शब्द किरकोळ नसतात, हे हंसा मेहता जाणत होत्या. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या मसुद्यात 'सर्व पुरुष' असाही अर्थ निघेल असा शब्द होता. त्या जागी 'सर्व मानव' असा शब्द यावा, हा आग्रह त्यांनी धरला आणि १९४८ साली तो मान्य झाला.

तरीही एक शंका मनात राहते. स्त्रीचे नाव लागले ते आई म्हणून. जी माता नाही, जी धर्मभगिनी आहे, जी अविवाहित प्राध्यापिका आहे, तिच्या श्रमांचा रकाना कोणता? आणि जिची आई तिला टाकून गेली, त्या मुलीला हा रकाना सुखाचा वाटेल काय? समाजाचे ऋण एका नोंदीत फिटत नाही. डॉ. देशमुख यांनी सारे साधले, असे आम्ही म्हणणार नाही. परंतु पदाचा उपयोग आपले नाव कोरण्यापेक्षा इतरांची नावे लिहिण्यासाठी करावा, हा विवेक अधिकारपदावरील पुरुषांनाही अवघड जातो, आम्हां धर्मगुरूंना तर विशेषच. आमच्या चर्चच्या दाराशी देणगीदारांची संगमरवरी पाटी आहे. सकाळी अंगण झाडणाऱ्या बाईचे नाव तीवर नाही.

१ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत प्रथम बालकाचे, मग आईचे, मग वडिलांचे नाव, नंतर आडनाव, असा क्रम महाराष्ट्र शासनाने ठरविला आहे. तो निर्णय डॉ. देशमुख यांच्या हयातीतच झाला. मागच्या रविवारी एका स्नानसंस्काराच्या वेळी वही उघडून आम्ही बाळाच्या आईला तिचे नाव विचारले. तिने सवयीने नवऱ्याकडे पाहिले. तो सांगू लागला, तेव्हा आम्ही लेखणी थांबविली आणि तिच्याकडे पाहत राहिलो. थोड्या वेळाने तिने ते स्वतः सांगितले, आपल्या माहेरच्या आडनावासह.