श्लेख्ट म्हंजे काय?

जर्मन भाषेत एक विशेषण आहे, श्लेख्ट. आज त्याचा अर्थ वाईट. हवा श्लेख्ट, माल श्लेख्ट, माणूस श्लेख्ट. पण हजारएक वर्षांपूर्वी याच शब्दाचा अर्थ होता सपाट, गुळगुळीत, सरळ. पुढं झाला साधा. ल्यूथरचं जर्मन बायबल १५३४ साली पुरं झालं. त्यात ईयोबासारख्या नेक माणसाला त्यानं हाच शब्द लावला. शिवी म्हणून नाही, मान म्हणून.

मग साधा माणूस वाईट कसा झाला? साधा म्हंजे सरदार नसलेला. साधा माल म्हंजे कमी किमतीचा. कमी किमतीचा तो हलका, हलका तो वाईट. पायरीपायरीनं शब्द खाली उतरवला. साधेपणासाठी पुढं त्याचाच जुळा भाऊ श्लिख्ट वेगळा काढला.

नीत्शेनं १८८७ साली नीतीच्या वंशावळीवर पुस्तक लिहिलं, त्यात त्यानं ही गोष्ट बरोबर हेरली. वरच्यांनी आधी स्वतःला चांगलं म्हटलं, मग खालच्याला वाईट. चोरी त्यानं पकडली, पण बाजू घेतली वरच्यांचीच. मनूच्या कायद्याचंही त्यानं कौतुक केलं. हे नातं बाबासाहेबांनी उघडं करून दाखवलंय.

आता खरा सवाल. 'वाईट' हा शब्दच वरच्यांनी घडवला, तर तो फेकून द्यायचा का? मी म्हणतो, नाही. फेकला तर जुलमाला काय म्हणणार? कामगाराचा पगार बुडवणं वाईटच आहे. ते सांगायला आपल्याला हा शब्द लागतो. चूक शब्दात नाही, तो कुणावर चिकटवला त्यात आहे. माणसाचा जन्म, कपडा, काम यावर तो चिकटत नाही. त्यानं दुसऱ्याचं काय केलं, यावरच चिकटतो.

आणि जुना अर्थ मेलेला नाही. जर्मन गिरणीत ताण्याच्या सुताला खळ लावतात, त्याला श्लिख्टेन म्हणतात. सूत गुळगुळीत करायचं, म्हंजे मागावर तुटत नाही. भांडण मिटवण्यालाही तोच शब्द. दरबारात बिघडलेला अर्थ सायझिंग खात्यात शाबूत राहिला. हातानं काम करणाऱ्यांनी तो राखला.