शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्रीचे भय

कोल्हापूर जिल्ह्याच्या खेड्यांतून शस्त्रक्रियेसाठी निघालेला मनुष्य बहुधा शहरातील छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात जातो, किंवा मिरजेची वाट धरितो. डॉ. वानलेस यांनी 1894 साली मिरजेस इस्पितळ उघडले, तेव्हापासून ही वाट कित्येक घराण्यांच्या पायांखालची झाली आहे. वाट ओळखीची झाली म्हणून भय मात्र गेले नाही. अशा भ्यालेल्या मनुष्याच्या उशाशी बसून आपण काय बोलावे, हा प्रश्न आमच्या मते जितका वैद्यकाचा तितकाच नीतीचा आहे.

16 ऑक्टोबर 1846 रोजी अमेरिकेतील बॉस्टन शहरी ईथरची भूल देऊन शस्त्रक्रिया करून दाखविण्यात आली. त्यापूर्वी रोग्यास बळकट माणसांनी धरून ठेवावे लागे, व भय असे ते वेदनेचे. आता ती वेदना बहुतांशी टळली, पण भयाने केवळ घर बदलले. ‘मी पुन्हा जागा होईन ना?’ हे रोगी मनात विचारतो. त्याची नाडी जलद चालते, रक्तदाब चढतो, झोप येत नाही.

येथे आप्तमंडळी दया म्हणून खोटे बोलतात. ‘काही नाही, नुसती सुई टोचतील.’ रोगी त्यावर भरवसा ठेवितो, आणि पहाटे कोणी चहा-बटर दिले तर पोटात घालतो. भुलीत पोटातील अन्न वर येऊन फुप्फुसांत उतरू शकते, म्हणूनच निदान सहा तास आधी जेवण बंद ठेवितात, हे त्यास कोणी सांगितलेले नसते. शिवाय ज्याचा देह त्याचाच होकार हवा. 2008 साली आपल्या सर्वोच्च न्यायालयापुढे असे एक प्रकरण आले होते. सज्ञान स्त्री भुलीखाली असता तिच्या आईने दिलेली संमती, प्रसंग तातडीचा नसल्याने, न्यायालयाने मान्य केली नाही. ज्यास खरे सांगितलेच नाही, त्याचा होकार तो होकार कसला?

आमच्या मंडळ्यांतील कित्येक सज्जन दुसरीच चूक करितात. ‘विश्वास असता तर भ्याला नसतास,’ असे ते म्हणतात. येणेकरून रोग्यावर एकाऐवजी दोन ओझी पडतात: एक भयाचे, दुसरे भय वाटल्याच्या लाजेचे. वाचकहो, गेथशेमाने बागेत स्वतः प्रभूने आपले दुःख मित्रांपासून लपविले नाही. त्याने त्यांस जागे राहावयास सांगितले, आणि ते झोपी गेले. त्या रात्री दोष कोणाचा होता, हे आमच्या उपदेशक बंधूंस सांगावयास नको.

पुण्याच्या ससून रुग्णालयात 12 जानेवारी 1924 च्या रात्री कर्नल मॅडॉक यांनी गांधीजींच्या आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया केली. गांधीजी तेव्हा सरकारचे कैदी होते. संमतिपत्रावर त्यांनी स्वतः सही केली. अशक्तपणाने हात थरथरत होता, तेही त्यांनी झाकून ठेविले नाही. पुढे शस्त्रक्रिया चालू असतानाच वीज गेली, व काम कंदिलाच्या उजेडात पुरे करावे लागले. ‘काही होणार नाही’ हे वचन देणे कोणाच्याच हाती नसते. कोण कापणार, काय काढणार, भूल कशी देणार, शुद्ध आल्यावर किती दुखेल, आणि दाराबाहेर कोण बसणार, एवढे मात्र सांगता येते.

एक लहान गोष्ट आहे, पण आमच्या स्त्रियांस ती फार जड जाते. आत नेण्यापूर्वी बांगड्या, जोडवी व मंगळसूत्र उतरवावे लागते. विजेच्या उपकरणाने कापताना धातूपाशी भाजण्याची भीती असते, एवढेच त्याचे कारण. परंतु ऐन दारात परिचारिकेने गळ्याकडे हात केला, की त्या बाईस अशुभाची शंका येते, आणि तिचे सारे धैर्य तेथेच ढासळते. हे तिला आदल्या सायंकाळीच कारणासह सांगावे, म्हणजे मंगळसूत्र ती आपल्या हाताने उतरवून सासूच्या ओटीत ठेवील.