लाल आकाश कोणाच्या मृत्यूची खूण नव्हे



4 फेब्रुवारी 1872 चा तो रविवार होता. हिजरी 1288 च्या जिलकाद महिन्याचे अखेरचे दिवस. त्या रात्री मुंबईच्या किनाऱ्यावरून आकाशात ध्रुवीय प्रकाश दिसला. एरवी नॉर्वे, आइसलँडसारख्या दूरच्या देशांत दिसणारी ही आभा मुंबईत सूर्यास्तानंतर उजाडेपर्यंत राहिली, असे ‘टाइम्स ऑफ इंडिया’ने त्याच आठवड्यात छापले. मुंबईहून एडनला जाणाऱ्या समुद्राखालच्या तारेवरील संदेशही काही तास विस्कळीत झाले. सूर्यावरून उसळलेले विद्युतभारित कण सुमारे 15 कोटी किलोमीटर पार करून येतात, पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राला हादरा देतात आणि त्यांच्या आघाताने फार उंचावरील प्राणवायू लाल उजळतो.

10 मे 2024 च्या रात्री लडाखमधील हानले येथेही आकाश असेच लाल झाले. ती छायाचित्रे आमच्या तळवड्यापर्यंत मोबाइलवरून आली, आणि त्यांच्याखाली कयामतीचे इशारेही. त्याच आठवड्यात येथील एका कामगार बांधवाचे तान्हे मूल दगावले होते. शेजारच्या कोणी तरी त्या लालीचा आणि बाळाचा संबंध जोडला. जुम्यानंतर तो बाप माझ्यापाशी थांबला आणि त्याने एवढेच विचारले, “मौलाना, खरंच तसं असतं का?”

हिजरी 10 मध्ये मदीनेत प्रेषित मुहम्मद (स.) यांचे पुत्र इब्राहीम (रजि.) बालवयातच वारले, आणि त्याच दिवशी सूर्याला ग्रहण लागले. लोक म्हणू लागले, हे ग्रहण इब्राहीमसाठीच. बाप शोकात होता. डोळे पाणावलेले होते. तो समज तसाच राहू दिला असता, तर प्रेषितांच्या घराण्याचा मोठेपणा लोकांत वाढलाच असता. पण प्रेषितांनी (स.) सर्वांसमोर स्पष्ट केले की सूर्य आणि चंद्र या अल्लाहच्या निशाण्या आहेत, कोणाच्या मरणाने वा जन्माने त्यांना ग्रहण लागत नाही. मग त्यांनी दीर्घ नमाज पढवली, दुआ आणि सदका करण्यास सांगितले. (ज्यांना आपल्या पीराच्या वा पुढाऱ्याच्या नावे चमत्कार सांगितल्याशिवाय चैन पडत नाही, त्यांनी ही हदीस जरा सावकाश वाचावी.)

त्या बांधवाला मी हेच सांगितले. आपले मूल आकाशाने नेले नाही. ते अल्लाहची अमानत होते आणि त्याच्याकडेच परतले.

मग अशी लाली दिसल्यास करावे तरी काय? हनफी फिक्हच्या ‘अद्-दुर्रुल मुख्तार’ या ग्रंथात, सोसाट्याचा वारा आणि दिवसाचा दाट अंधार यांच्याबरोबर रात्री पसरणाऱ्या तीव्र उजेडाचाही उल्लेख आहे. अशा वेळी जमाअत नाही, खुतबा नाही. ज्याने त्याने एकट्याने नफल नमाज पढावी, दुआ मागावी, आणि मोबाइलवरचा तो मजकूर पुढे पाठवू नये.