न्हाणीतले पांढरे डाग

चि. बाळास,



अल्लीपूरच्या नव्या घराचे फोटो पाहिले. न्हाणीला छतापर्यंत टाईल्स, वर शॉवर, झकास झालंय. पण वर्षाच्या आत टाईल्सवर पांढरी पुटं चढली आणि आता तू ॲसिडची बाटली आणणार, हे कळलं म्हणून लगेच लिहायला बसले. ती बाटली दुकानातच राहू दे.

हे डाग मळाचे नाहीत, पाण्याचे आहेत. बोरचं पाणी खडकातून क्षार घेऊन वर येतं. ज्या पाण्यात तुरीची डाळ शिजता शिजत नाही, तेच भिंतीवर वाळलं की पाणी उडून जातं, चुना तिथेच राहतो. त्यात साबण मिसळला की राखाडी चिकट थर होतो. टाईल्सच्या खालच्या ओळींवर हात फिरवून बघ. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात लिटरमागे २०० मिलिग्रॅम कठीणपणा योग्य धरलाय, दुसरं पाणीच नसेल तर ६००पर्यंत. तुमच्या बोरचं पाणी एकदा तपासून घे.

ॲसिडनं डाग जातो, नाही असं नाही. पण सांध्यातलं पांढरं सिमेंटही जातं, नळाची चकाकी जाते. सांधे पोकळ झाले की पाणी टाईलमागे शिरतं, आणि मग पलीकडच्या खोलीचा रंग फुगतो. शिवाय कुणी त्याच फरशीवर ब्लीचिंग पावडर टाकली तर क्लोरीन वायू निघतो. बंद न्हाणीत तो जिवावर बेतू शकतो.

किराणा दुकानातून लिंबूसत आण. लिटरभर कोमट पाण्यात दोन चमचे विरघळव. आधी भिंत साध्या पाण्यानं भिजव, म्हणजे सांधे लिंबूसताचं पाणी फार पिणार नाहीत. मग हे पाणी लाव, दहा मिनिटं थांब, नायलॉनच्या ब्रशनं घास आणि भरपूर पाण्यानं धू. तारेची घासणी नको, चरे पडतात. शॉवरची भोकं बुजली असतील तर हेच पाणी पिशवीत भरून त्याच्या तोंडाला तासभर बांधून ठेव. लिंबूसत आणि ब्लीच मात्र एकत्र आणायचं नाही. तिथेही तोच वायू.

खरी मेहनत वाचवतो तो रबरी वायपर. शेवटी अंघोळ करेल त्यानं भिंतीवरून वरून खाली ओढायचा. शेवटी बहुधा तूच असतोस, तेव्हा हे सूनबाईवर ढकलू नकोस. मे महिन्यात भिंत बघता बघता वाळते, म्हणून डाग तेव्हाच जास्त. पावसाळ्यात उलट, ओल हटत नाही आणि सांध्यांत काळी बुरशी धरते. तेव्हा खिडकी उघडी ठेव, ओले टॉवेल आत लटकवू नका.

आणि आईला सांग, मागच्या जुन्या न्हाणीतल्या शहाबादी फरशीला लिंबूसत लावायचं नाही. ती मुळात चुनखडीचीच, डागाबरोबर तीही झिजेल. तिथे साबणाचं पाणी आणि ब्रश.

तुझी,
आत्या