गुंड्याभाऊंचे बाशिंग

२८ ऑगस्ट २०२५ रोजी बाळ कर्वे गेले. तीनच दिवसांपूर्वी त्यांनी वयाची ९५ वर्षे पूर्ण केली होती. बातमी ऐकून मी ताईला सांगितली, तेव्हा ती देवघरातली भांडी घाशीत होती. "कोण रे बाळ कर्वे?" तिने विचारले. "अग, आपले गुंड्याभाऊ!" मी म्हणालो. ताईच्या हातातले निरांजन तसेच राहिले. घरातलेच कोणी गेल्यासारखी ती मटकन पाटावर बसली आणि म्हणाली, "अरेरे, गुंड्याभाऊ गेले?"

तिचे दुःख खरे होते, याविषयी मला तिळमात्र शंका नाही. पण ते होते कोणासाठी? मुंबई महानगरपालिकेत अभियंत्याची नोकरी करून रंगभूमीची हौस आयुष्यभर जपणारा एक माणूस. आमच्या नाशिकच्या वसंत कानेटकरांच्या 'सूर्याची पिल्ले'पासून 'कुसुम मनोहर लेले'पर्यंत किती नाटकांतून तो उभा राहिला! आणि आमच्या घरात त्याच्यासाठी डोळे ओले व्हायचे, तर त्याला दुसऱ्याच्या नावाची चिठ्ठी घेऊन यावे लागले. हा त्याचा गौरव म्हणावा की त्याच्यावरचा अन्याय?

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्या दशकाच्या उत्तरार्धात 'चिमणराव-गुंड्याभाऊ' ही मालिका लागू लागली, तेव्हा नाशकात आमच्या वाड्यात संच नव्हता. सुटी लागली की आम्ही भावंडे पंचवटी एक्स्प्रेसने गिरगावात मावशीकडे जात असू. तिच्या चाळीत एकाच बिऱ्हाडात दूरदर्शन होते, आणि त्या बिऱ्हाडाची दारे-खिडक्या त्या संध्याकाळी साऱ्या मजल्याच्या मालकीच्या होत. दिलीप प्रभावळकरांचा चिमणराव भित्रा, बिचारा, संसाराने गांजलेला. आणि त्याच्या पाठीशी कर्व्यांचा गुंड्याभाऊ, हातात सोटा, मनात कपट नाही आणि संकट ओढवून आणण्यात दोघेही सारखेच तरबेज! आपल्यालाही असा एक भाऊ असावा, असे त्या खोलीतल्या प्रत्येकाला वाटत असावे. मला तरी वाटे.

गंमत अशी की, गुंड्याभाऊ हा कर्व्यांचा नव्हेच. तो चिं. वि. जोशांचा. बडोद्याला पाली भाषा शिकविणाऱ्या या गंभीर प्राध्यापकाने ही जोडी निर्माण केली आणि तो १९६३ साली गेला, मुंबईत दूरदर्शन यायच्या नऊ वर्षे आधी. त्याच्याही पूर्वी, १९४० साली, मास्टर विनायकांच्या 'लग्न पहावे करून'मध्ये दामुअण्णा मालवणकर चिमणराव आणि विष्णुपंत जोग गुंड्याभाऊ झाले होते. आमच्या आजोबांच्या पिढीला गुंड्याभाऊ म्हटले की जोगच दिसत. म्हणजे हे नाव एका माणसाचे नसून एका गादीचे आहे, असेच म्हणायला हवे.

आमच्या नाशकात धुळवडीला दाजीबा वीराची मिरवणूक निघते. बाशिंग बांधलेल्या त्या माणसाला बायाबापड्या ओवाळतात, नवस बोलतात, त्याच्या पायावर डोके ठेवतात. दुसऱ्या दिवशी तोच माणूस पिशवी घेऊन भाजी आणायला निघाला तर कोणी वळूनही पाहत नाही; आणि ते त्यालाही बरेच वाटत असेल. लोकांनी देवपण दिले आणि वेळेवर काढूनही घेतले. नटाच्या बाबतीत मात्र आपण बाशिंग उतरवूच देत नाही. तो भाजी आणायला निघाला तरी आपण ओरडतो, "गुंड्याभाऊ, सोटा कुठाय?"

प्रभावळकरांनी ते बाशिंग स्वतःच्या हाताने उतरविले. 'झपाटलेला'तला तात्या विंचू, 'श्रीयुत गंगाधर टिपरे'मधले आबा, २००६ साली 'लगे रहो मुन्नाभाई'तले गांधीजी: एक चेहरा रुजतो न रुजतो तोच त्यांनी दुसरा लावला. पण हे प्रत्येकाच्या नशिबी नसते. त्याला तसे लेखक भेटावे लागतात आणि आपल्यासारख्या प्रेक्षकांनी थोडी वाटही द्यावी लागते. ती वाट आपण देतो का?

मी दिलेली नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी एका गंभीर नाटकाच्या प्रयोगासाठी एक विनोदी नट नाशकात आले होते. नाव सांगत नाही. प्रयोग संपल्यावर मी मित्रांसह रंगपटात शिरलो. गृहस्थ एका खुर्चीवर बसून डब्यातली पोळी-भाजी खात होते. चेहऱ्यावर थकवा होता. नुकतेच त्यांनी मुलगा गमावलेल्या बापाचे काम केले होते आणि ते इतके चांगले केले होते की माझाही कंठ दाटला होता. तरी मी म्हणालो काय? "साहेब, एकदा ते मालिकेतले बोलून दाखवा ना!" त्यांनी घास गिळला, पाणी प्याले आणि बोलून दाखविले. आम्ही खो-खो हसलो. त्यांनी डब्याचे झाकण लावले. जेवण अर्धे राहिले होते. बापाच्या त्या कामाविषयी मी एक अक्षरही बोललो नाही, हे मला घरी येताना रस्त्यात आठवले.

प्रेमाने नाव दिले यात मला पाप दिसत नाही. त्या मालिकेचे बहुतेक भाग आता पाहायला मिळत नाहीत. तरीही चाळीस-पंचेचाळीस वर्षे एक माणूस घरोघरी गुंड्याभाऊ म्हणून राहतो, ही काही लहान मिळकत नव्हे. फिती गेल्या, माया राहिली. चुकते ते पुढे. नाव दिले की आपले पाहणे थांबते; आणि ज्याला आपण इतका आपला म्हणतो, तो त्या नावापलीकडे काय करतो आहे, हे विचारण्याचे कष्ट आपण घेत नाही. कर्व्यांच्या मनाला काय वाटत असे ते मी कसे सांगणार? कदाचित त्यांना ती हाक गोडही लागत असेल. पण ते गोड मानून घेणे त्यांच्याकडे होते. आपण ते गृहीत धरायचे नव्हते.

हे सारे मी ताईला सांगितले. ती काही बोलली नाही. भांडी घासून झाली, देव पुसून झाले. संध्याकाळी पुण्याला लेकीशी तिचे बोलणे चालले होते, ते मला आतल्या खोलीत ऐकू आले. "अग, बाळ कर्वे गेले," ती सांगत होती. "नाटकांतून कामे करायचे. आम्ही लहानपणी त्यांना गुंड्याभाऊ म्हणत असू."