‘आरटीए’ लिहून मोकळे होणाऱ्या डॉक्टरांनो

बसा. वह्या मिटू नका, आज लिहायचंच आहे. चंदगड तालुक्यात आल्यापासून सायकलवरून पडलेली जी माणसं तुम्ही तपासलीत, त्यांचे केसपेपर मी काल रात्री वाचले. कोणाचा कुठला ते चारचौघांत सांगत नाही, ज्याचं त्याला कळेल. मजकूर सगळ्यांचा एकच: रस्ता अपघात, सायकलवरून पडला, जखम. ‘आरटीए. फॉल फ्रॉम बायसिकल. सीएलडब्ल्यू. टीटी दिलं, ड्रेसिंग केलं.’ खाली झोकदार सही. साडेचार वर्षं घासून एवढंच शिकलात?

कशावर आदळला तो? मोटारसायकल होती, ट्रक होता, गवा आडवा आला, की एका हातात छत्री धरून उतारावरून येताना चाक घसरलं? चालवत होता की मागे कॅरियरवर बसला होता? पाटणे फाट्याच्या हमरस्त्यावर पडला की घरामागच्या परड्यात? उत्तर एकाच्याही कागदावर नाही. म्हणजे विचारलंच नाही, किंवा विचारलं आणि लिहायचा कंटाळा केला. दुसरं जास्त वाईट.

आजारांचं आंतरराष्ट्रीय वर्गीकरण, आयसीडी-१०, तुम्ही परीक्षेपुरतं पाठ केलंत. १९९० साली जागतिक आरोग्य सभेने मंजूर केलेल्या त्या वर्गीकरणात सायकलस्वारासाठी व्ही १० ते व्ही १९ अशी अख्खी रांग ठेवली आहे. पादचारी किंवा जनावराशी टक्कर झाली तर व्ही १०, म्हणजे आपला गवा तिथे बसतो. दुचाकी-तीनचाकी व्ही १२, मोटार व्ही १३, ट्रक किंवा एसटी व्ही १४. बैलगाडीलासुद्धा जागा आहे, व्ही १६. कुणाशी टक्कर न होता नुसता पडला तर व्ही १८. चौथ्या आकड्यात चालवणारा की मागे बसलेला, आणि सार्वजनिक रस्त्यावर की रस्त्याबाहेर, हे येतं. आणि तुमच्यासारख्यांची सोय म्हणून शेवटी व्ही १९.९ आहे: काही माहीत नाही. तुमचे सगळे रुग्ण तिथे, नाहीतर नुसते पडलेल्यांच्या व्ही १८ मध्ये जाऊन पडतात.

कोडिंग करणाऱ्याने रुग्ण पाहिलेला नसतो. साखर कारखान्याच्या काट्यावर ट्रॉलीत जेवढा ऊस आहे तेवढंच वजन येतं; शेतात राहिलेला ऊस काटा मोजत नाही. तुम्ही ‘हेड इंज्युरी’ लिहिलंत तर त्याला एस ०९.९ टाकावा लागतो, म्हणजे डोक्याला काहीतरी झालंय. तुम्ही बेशुद्धी किती वेळ होती, उलटी झाली का, किती वाजता तपासलं आणि तेव्हा शुद्धीचा जीसीएस किती होता हे लिहून कन्कशनचं निदान केलंत, तर एस ०६.०. नुसती टाळूची जखम असेल तर एस ०१.०. माणूस तोच. मनगट मोडलं असेल तर ‘फ्रॅक्चर हँड’ म्हणजे काय? रेडियसचं खालचं टोक म्हणा, डावं की उजवं म्हणा, हाड त्वचेबाहेर उघडं पडलंय का ते म्हणा. उघड्या आणि बंद फ्रॅक्चरला आकडा वेगळा आहे, उपचारही वेगळा.

आता पैशाचं ऐका, कारण तेवढ्याने तरी डोळे उघडतील. मे २०२५ पासून केंद्राची कॅशलेस उपचार योजना आहे. अपघाताच्या दिवसापासून ७ दिवस, दीड लाखापर्यंत. पण मोटार वाहनामुळे झालेल्या अपघातालाच. ट्रकने उडवलेल्या शेतमजुराच्या कागदावर तुम्ही ‘सायकलवरून पडला’ लिहिलंत, की त्याच्या दाव्यात पाचर मारलीत. वाहन धडक देऊन पळालं असेल तर २०२२ च्या योजनेत मृत्यूला २ लाख आणि गंभीर दुखापतीला ५० हजार मिळतात. गंभीर म्हणजे काय हे तुमच्या मनावर नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ११६ मध्ये ती यादी आहे. हाड किंवा दात मोडणं, निखळणं त्यात येतं. पूर्वी २० दिवस असह्य वेदना किंवा नेहमीचं काम बंद अशी अट होती, ती आता १५ दिवस झाली आहे. ओठाला टाके घातलेत आणि आतला तुटलेला दात नोंदवला नाहीत, तर इजा साधी ठरते. महसूल कार्यालयात ५० हजारांसाठी खेटे घालणाऱ्या माणसाला तुमचा कंटाळा कुठल्या खिडकीवर दिसणार?

पोरांच्या बाबतीत मात्र मला खरोखर राग येतो. शाळेतलं पोर हँडलवर पोटावर आपटतं. पोटावर गोल वळ, बाकी काही नाही, पोर हसतंय. तुम्ही लिहिता ‘मुका मार’, आणि घरी पाठवता. हँडलच्या टोकाने स्वादुपिंड, लहान आतडं, यकृत, प्लीहा फाटू शकतात आणि लक्षणं काही तासांनी, कधी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसतात. ‘हँडल पोटात लागलं’ हे तीन शब्द कागदावर असते, तर रात्री उलट्या करत आलेल्या पोराला दुसऱ्या डॉक्टरने ॲसिडिटीची गोळी दिली नसती. कॅरियरवर बसलेल्या लहानग्याची टाच आऱ्यांत जाते, तिचंही तसंच. पहिल्या दिवशी खरचटल्यासारखी दिसते, चार दिवसांनी कातडी काळी पडते. ‘आऱ्यांत पाय गेला’ लिहा आणि पुन्हा बोलावल्याची तारीख लिहा.

आणि न्यायाधीश होऊ नका. चूक कुणाची ते ठरवणं तुमचं काम नाही. कोणी सांगितलं, काय सांगितलं, ते त्याच्या शब्दांत ‘अलेज्ड हिस्टरी’ म्हणून उतरवा. उभ्या ट्रॉलीवर सायकल आदळली की ट्रॉलीने ठोकरलं, यावर उद्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात भांडण होणार आहे. गरीब सायकलवाला दिसला की तपासणीआधी ‘दारू प्यायलेला’ लिहिण्याची खोड काहींना आहे. तोंडाला वास आला तर वास आला लिहा, चाल आणि बोलणं तपासलं असेल तर ते लिहा. पुढचं अनुमान स्वतःपाशी ठेवा.

गर्दी होती म्हणू नका. एवढं लिहायला मिनिटभर लागतं. आणि तुमचा कागद इथेच राहत नाही: आपल्याकडून कोल्हापूर लांब, बेळगाव जवळ. गंभीर रुग्ण रात्री शिनोळीवरून दुसऱ्या राज्यात जातो. तिथल्या डॉक्टरला ना तुम्ही भेटणार, ना जागेवरचा साक्षीदार. हातात असते तुमची रेफर चिठ्ठी. दगावला तर मृत्यूच्या कारणाच्या दाखल्यावर, नमुना ४ वर, ‘कार्डिओरेस्पिरेटरी अरेस्ट’ खरडू नका. मरताना प्रत्येकाचंच हृदय थांबतं. कशाने मेला ते लिहा, अपघात कसा झाला तेही.

उद्यापासून कशाने, कुठे, कसा आणि कोणती बाजू हे नसलेला एकही केसपेपर माझ्या टेबलावरून पुढे जाणार नाही, आणि तो तुम्ही रुग्णाच्या गावी जाऊन, त्याला विचारून पुरा करायचा.